रेडियमचं जाकीट : पहिली पाटी उचलण्याआधी

उन्हाळ कांदा चाळीत गेला की नांदगाव, येवला, चांदवड या तालुक्यांतील कोरडवाहू गावांत हाताला काम उरत नाही. मग घमेले-फावडे सांभाळणारी माणसे मनमाडकडे वळतात. कुणी रस्त्याच्या कामावर जातो, कुणी रेल्वेच्या ठेकेदाराकडे, कुणी इमारतीच्या स्लॅबवर. पहाटे पिकअप गावात येते, दहा-बारा जण मागे चढतात आणि नीट उजाडायच्या आत कामावर हजर होतात. काल कांद्याच्या वाफ्यात बसलेला माणूस आज हमरस्त्याच्या कडेला उभा असतो. तिथे मुकादम एक पिवळे किंवा नारिंगी जाकीट हातात देतो आणि म्हणतो, "घाला अंगात, साहेब येणार आहेत." बहुतेक ठिकाणी नव्या मजुराचे शिक्षण एवढ्यावरच संपते.

त्यातून गैरसमज होतो तो असा, की हे जाकीट साहेबासाठी आहे. साहेबाची जीप गेली की ते काढून डांबराच्या पिंपावर टाकले जाते. प्रत्यक्षात ते असते समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांसाठी. साहेब दिवसातून एकदा येतो, ट्रक दर मिनिटाला येतो. एवढी एक गोष्ट नव्या मजुराला पहिल्या दिवशी, पहिली पाटी उचलण्याआधी समजली, तर बाकीचे शिकवणे सोपे होते.

शेतातली सवय रस्त्यावर चालत नाही

शेतात माणूस मान खाली घालून काम करतो. निंदणी असो की कांदा काढणी, पाठीमागून काही धावून येईल ही भीती नसते. बैलसुद्धा माणूस पाहून थांबतो. कपडे मळखाऊ लागतात, म्हणून ते मातीच्या रंगाचेच निवडले जातात. याच सवयी घेऊन माणूस रस्त्याच्या कामावर येतो. तिथे मिक्सरच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. खडीची धूळ उडत असते. त्यात मुरमावर मुरमाच्याच रंगाचा माणूस वाकून बसलेला असतो. ड्रायव्हरला तो माणूस वाटतच नाही, मातीचा ढीग वाटतो.

मनमाड परिसराला हा विषय जवळचा आहे. पुणे-इंदूर रस्ता शहराच्या मधून जातो. पानेवाडी-नागापूर भागात इंधनाचे डेपो असल्याने टँकरची ये-जा दिवसरात्र चालू असते. शहरातील रेल्वेवरच्या पुलाचा एक भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये कोसळला, तेव्हा वाहतूक अडली की काय होते आणि दुरुस्तीची कामे किती घाईत करावी लागतात, हे साऱ्यांनी पाहिले. पुढेही कामे आहेतच. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये आणि बांधकामाच्या काळात सुमारे १०२ लाख मनुष्यदिवसांचा रोजगार, असे त्या वेळी जाहीर झाले. हे मनुष्यदिवस भरणारी माणसे बव्हंशी आपल्याच गावांतून जाणार आहेत. त्यातली अनेक जण आयुष्यात पहिल्यांदा चालू रस्त्याच्या किंवा चालू रुळाच्या कडेला उभी राहतील.

पन्नास मीटरचा हिशेब

शेतकऱ्याला हिशेब पटतो, म्हणून तो मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. ड्रायव्हरला काहीतरी दिसणे, तो माणूस आहे हे उमगणे आणि पाय ब्रेकवर पडणे, यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागल्यावर भरलेली गाडी आणखी २५ ते ३० मीटर घसरत जाऊन थांबते. एकूण ५० ते ५५ मीटर झाले. रस्ता ओला असेल किंवा टायर गुळगुळीत असतील तर त्याहून जास्त.

आता दुसरी बाजू. रात्री गाडीचा दिवा डिपरवर असताना गडद कपड्यातला माणूस साधारण २५-३० मीटरवर आल्यावरच ध्यानात येतो. म्हणजे ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी त्या माणसापाशी पोचलेली असते. चांगल्या परावर्तक पट्टीचे जाकीट मात्र शंभर-दीडशे मीटरवरून चमकते. ड्रायव्हर कितीही हुशार असला आणि ब्रेक कितीही चांगले असले, तरी जे दिसलेच नाही त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. जाकीट विकत घेताना आपण खरे तर हे जादा शंभर मीटर विकत घेत असतो.

त्यात रेडियम नसते

गावात याला 'रेडियमचं जाकीट' म्हणतात. नाव रूढ आहे, तेव्हा तेच वापरायला हरकत नाही. पण त्यात रेडियम नसते आणि ते आपोआप उजेडही देत नाही. त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात आणि दोघींची कामे वेगळी आहेत.

पहिली वस्तू म्हणजे कापडाचा भडक पिवळा-हिरवा किंवा नारिंगी रंग. उन्हातील जे अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते हा रंग शोषून घेतो आणि दिसणाऱ्या उजेडाच्या रूपाने बाहेर टाकतो. म्हणूनच पहाटे, तिन्हीसांजेला किंवा आभाळ भरून आलेले असताना साधा पिवळा सदरा मंद वाटतो आणि हे कापड उठून दिसते. मात्र रात्री हा रंग काही कामाचा नाही. ऊन नाही तर त्याची करामतही नाही.

दुसरी वस्तू म्हणजे रुपेरी पट्टी. तिच्यात काचेचे अतिशय बारीक मणी किंवा तशाच कामाचे बारीक पैलू असतात. ते दिव्याचा उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या गाडीला किंवा ट्रॉलीला मागे जे लाल-पांढरे परावर्तक लावतात, तीच ही युक्ती आहे. अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीला ते नसले तर काय अनर्थ होतो, हे सांगायला नको. ट्रॉलीला जे लावायचे आपण शिकलो, ते माणसालाही लागते.

रंग दिवसाचा राखणदार, पट्टी रात्रीची. दोन्ही असतील तरच जाकीट पुरे. बाजारात काही स्वस्त जाकिटांना नुसती चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी असते. ओळखायची रीत सोपी आहे. अंधारात जाकीट खुंटीला टांगा, वीस-तीस पावले मागे जा आणि बॅटरी आपल्या डोळ्याजवळ, कानशिलाला टेकवून पेटवा. पट्टी पांढरी लख्ख पेटल्यासारखी दिसली तर माल खरा. ती मंद राहिली तर परत करा. बॅटरी हात लांब करून धरू नका, कारण उजेड बॅटरीकडे परततो, तुमच्या डोळ्यांकडे नाही. भारतीय मानक ब्यूरोचे या कपड्यांसाठी आयएस १५८०९ हे मानक आहे. खरेदी करताना या क्रमांकाची विचारणा करावी. पट्टी किमान दोन इंच रुंद असावी आणि ती अंगाभोवती पूर्ण फिरलेली असावी. नुसती छातीवर पट्टी असून भागत नाही, कारण वाकलेल्या माणसाची पाठच गाडीकडे असते.

हा पेहराव आला रेल्वेतूनच. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटलंड विभागाने ग्लासगो शहरात, विजेच्या गाड्या धावणाऱ्या एका पट्ट्यात, रुळावरच्या कामगारांना भडक नारिंगी जाकिटे प्रयोग म्हणून दिली. त्यांना नाव पडले होते 'काजवे'. आज आपल्याकडे रुळावर काम करणारा ट्रॅकमन असे जाकीट घालतो, त्यामागे ही साठ वर्षांची वाट आहे.

घालायची पद्धत

जाकीट अंगावर असणे आणि जाकीट दिसणे यात फरक आहे. कामावर नेहमी दिसणाऱ्या चुका पुढीलप्रमाणे आहेत.

पुढची बटणे किंवा चिकटपट्टी उघडी ठेवली जाते. मग वाऱ्याने दोन्ही पाखे मागे जातात आणि समोरून पट्टी दिसतच नाही. शिवाय लोंबते टोक मिक्सरमध्ये किंवा मशीनच्या पट्ट्यात अडकायची भीती असते. जाकीट बंदच हवे. मापही बघावे. गुडघ्यापर्यंत लोंबणारे जाकीट अडकते, आखूड जाकीट वाकल्यावर वर सरकते.

थंडीत जाकिटावर शाल किंवा स्वेटर चढवला जातो. पावसात वरून गोणपाटाची खोळ किंवा प्लॅस्टिकचा कागद घेतला जातो. मग जाकीट आत राहते आणि उपयोग शून्य. नियम एकच: जाकीट सगळ्यात वर.

सिमेंटची गोणी पाठीवर घेतली की पाठीची पट्टी झाकते. अशा वेळी वाहतुकीकडे पाठ करून चालू नये. खांद्यावरच्या उभ्या पट्ट्या तेव्हा उपयोगी पडतात, म्हणून त्या असलेले जाकीट निवडावे.

महिला मजुरांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. जाकीट पुरुषी मापाचे येते आणि पदर त्यावरून घेतला की पुढची अर्धी पट्टी झाकते. यावर उपाय आपल्या बायांनीच शेतात शोधून ठेवला आहे. कापूस वेचताना, फवारणीच्या पाण्याला असताना साडीवर नवऱ्याचा जुना सदरा घालतातच. तसाच सदरा इथेही घालावा, पदर आत खोचावा आणि जाकीट त्या सदऱ्यावर घालावे. डोक्यावरचा पदर पाठीवर सोडू नये, तो मानेशी बांधावा. मुकादमाने बायांसाठी लहान मापाची जाकिटे मागून घ्यावीत. पाटी वाहण्याचे काम बहुतेक त्याच करतात, म्हणजे रस्त्याच्या आरपार सर्वाधिक फेऱ्या त्यांच्याच होतात.

उकाड्याची तक्रार खरी आहे. वैशाखात मनमाडला खडक तापतो तेव्हा जाड कापड अंगावर सहन होत नाही आणि माणूस ते काढून फेकतो. त्याला रागावण्यात अर्थ नाही. जाळीच्या कापडाचे जाकीट मिळते, ते मागवावे.

धुणे आणि टाकणे

सिमेंटचा राप बसलेली पट्टी म्हणजे आंधळा आरसा. वरची काच झाकली गेली की उजेड परत जात नाही. म्हणून काम सुटल्यावर ओल्या फडक्याने पट्टी पुसून घ्यावी. सिमेंट सुकल्यावर ब्रश मारून खरवडले तर मणी निघून येतात. धुताना साधा साबण आणि गार पाणी पुरते. धोपटण्याने बडवू नये, ब्लीचिंगची पावडर वापरू नये, पट्टीवर इस्त्री फिरवू नये. वाळत घालावे सावलीत, कारण उन्हाने हा रंग विटतो.

रंग किती विटला हे पाहायचे तर खिशाच्या आतले किंवा शिवणीखालचे कापड बाहेरच्या कापडाशी ताडून पाहावे. फरक ठळक दिसला तर जाकीट बदलायची वेळ झाली. विटके जाकीट फेकायला जीव होत नाही, पण ते अंगावर ठेवणे जास्त धोक्याचे आहे. मजुराला वाटते आपण दिसतो आहोत आणि तो निर्धास्त होतो.

एका संध्याकाळचे प्रात्यक्षिक

शेतीत नवे वाण सांगून पटत नाही, शेजारच्या वावरात उभे दिसले की पटते. इथेही तेच. कामाला जाणारी माणसे गावातून निघण्याआधी एका संध्याकाळी पुढील प्रयोग कोणत्याही गावात करता येईल. खर्च काही नाही.

अंधार पडल्यावर वर्दळ नसलेल्या शिवाररस्त्यावर किंवा शाळेच्या मैदानावर एक ट्रॅक्टर उभा करावा. तो जागचा हलवायचा नाही, फक्त दिवा डिपरवर लावायचा. शंभर पावलांवर तीन माणसे उभी करावीत. एकाच्या अंगात रोजचे मळके कपडे, दुसऱ्याच्या अंगात सिमेंटने भरलेले जुने जाकीट, तिसऱ्याच्या अंगात स्वच्छ जाकीट. मग कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला एकेकदा ट्रॅक्टरच्या सीटवर बसवावे आणि विचारावे, "किती माणसे दिसतात?" उत्तर त्यानेच द्यायचे. नंतर तिघांना वाकून बसायला सांगावे आणि पुन्हा विचारावे. ज्याने ड्रायव्हरच्या जागेवरून एकदा पाहिले, त्याला पुढे जाकीट घाल म्हणून सांगावे लागत नाही.

नुसते वाटप करून भागत नाही, याचा धडा शेतीला मिळालेला आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मा यांचा बोलबाला झाला. संच घरात आहे आणि फवारणी उघड्या अंगाने चालू आहे, हे चित्र मात्र अजूनही दिसते. वस्तू का वापरायची हे पटले नाही तर ती खुंटीवरच राहते.

जाकीट एकटे पुरत नाही

जाकीट घातले म्हणजे चिलखत चढवले, असे कोणी समजू नये. ते कापड आहे, ते गाडी अडवत नाही. ते फक्त समोरच्याला वेळ देते. त्या वेळेचे काय करायचे, हे जागेप्रमाणे बदलते.

रस्त्यावर त्या वेळेत ड्रायव्हरने थांबायचे असते. म्हणून कामाच्या बऱ्याच अलीकडे फलक, शंकूच्या आकाराचे खुणेचे कोन आणि झेंडी धरलेला माणूस हवा. डंपर किंवा जेसीबी मागे येत असेल तर चालकाला थेट मागचे काहीच दिसत नाही, तिथे जाकिटाचाही इलाज चालत नाही. खूण अशी ठेवावी की गाडीच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

रुळावर गणित उलटे होते. गाडी शेकडो मीटर गेल्याशिवाय थांबूच शकत नाही. तिथे जाकिटामुळे चालकाला लवकर शिटी देता येते, बाजूला मात्र माणसालाच व्हायचे असते. म्हणून टोळीत एक जण फक्त पाहण्यासाठी हवा, त्याच्या हातात फावडे नको, शिटी आणि झेंडी हवी. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे लासलगाव आणि उगाव या स्थानकांच्या दरम्यान रुळाच्या देखभालीवर असलेले चार रेल्वे कामगार टॉवर वॅगनखाली सापडून गेले. वरच्या विजेच्या तारांच्या दुरुस्तीसाठी वापरली जाणारी ही गाडी विरुद्ध दिशेने आल्याचे त्या वेळी सांगितले गेले. गाडी नेहमीच्या बाजूनेच येईल असे रुळावर कधीही धरून चालू नये. नव्या मजुराला हे दोन्ही एकत्र शिकवावे: जाकीट अंगात आणि नजर दोन्हीकडे.

जबाबदारी कुणाची

जाकीट देणे हा ठेकेदाराचा उपकार नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा होता. तो आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सुरक्षेसाठी जे पुरवायचे त्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, असे तीत स्पष्ट आहे. तेव्हा जाकिटाचे पैसे पगारातून कापणे बेकायदा आहे. त्याच संहितेत दिलेले साधन वापरण्याची जबाबदारी कामगारावरही आहे, हेही ध्यानात ठेवावे.

ग्रामपंचायतीच्या छोट्या कामांवर मात्र अनेकदा चार-सहाच माणसे असतात आणि कायद्याची दहा कामगारांची मर्यादा तिथे गाठली जात नाही. म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कामाच्या आदेशातच एक ओळ घालावी: प्रत्येक कामगारास परावर्तक जाकीट पुरवल्याशिवाय काम सुरू करू नये. या एका ओळीला खर्च येत नाही. गावात दोन-चार जाकिटे ग्रामपंचायतीने स्वतःची ठेवली तर पाइपलाइनच्या रात्रीच्या दुरुस्तीलाही ती उपयोगी पडतील.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते. त्यासाठी मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला लागतो. मंडळाच्या योजनेतील सुरक्षा संचात जाकीट आणि हेल्मेटचा समावेश आहे, आणि दुर्दैवाने काही घडले तर नोंदीत कामगाराच्या वारसांना साहाय्याचा आधार राहतो. ज्याने खरोखर काम केले त्याला दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावू नयेत आणि ज्याने केले नाही त्याला तो देऊ नये. खोट्या दाखल्यांमुळे खऱ्या मजुराच्या कागदावर संशय येतो.

मुकादमांना एवढेच सांगणे आहे. नवा माणूस पिकअपमधून उतरला की त्याला आधी उजेडात उभा करा, जाकीट बंद आहे का, पट्टी स्वच्छ आहे का, वर काही पांघरले आहे का ते पाहा आणि गाड्या कुठून येतात ते हाताने दाखवा. याला पाच मिनिटे लागतात. त्यानंतरच त्याच्या हातात पाटी द्या.